आकाश कोणाचे?



अमेरिकेतील मध्यमवर्गीय वस्त्यांमधून गेली दहा-पंधरा वर्षे एक लहानसा बदल चालू आहे. घराच्या भिंतीवर बसविलेली, उपग्रहावरून वाहिन्या घेणारी तबकडी उतरविली जाते आणि छपरावर, ॲल्युमिनियमच्या आडव्या कांड्यांची जुन्या घाटाची अँटेना पुन्हा उभी राहते. गावाबाहेरच्या मनोऱ्याच्या दिशेने तिचे तोंड वळविले की बातम्या, हवामान, सामने आणि मालिका यांची प्रमुख वाहिन्यांवरील चित्रे घरात येऊ लागतात आणि त्यांचे दरमहा बिल येत नाही. जे अँटेनावर मिळत नाही ते इंटरनेटवरील स्ट्रीमिंग सेवांकडून घेतले जाते. उपग्रह आणि केबल कंपन्यांचे लाखो ग्राहक अशा रीतीने दर वर्षी कमी होत आहेत. ‘डायरेक्टीव्ही’ या तेथील सर्वांत मोठ्या उपग्रह सेवेचे २०१५ साली दोन कोटींहून अधिक ग्राहक होते. दहा वर्षांत ती संख्या निम्म्याच्या आसपास आली.

वरवर पाहता हा संसारी काटकसरीचा विषय आहे. दरमहा शंभर डॉलरच्या वर जाणारे बिल वाचवावे, याकरिता एका सुजाण गृहस्थाने केलेली ती व्यवस्था आहे. तेवढ्यावर भागत असते तर समाजवादी कार्यकर्त्यांच्या सभेत त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु तबकडी, अँटेना आणि इंटरनेटची तार या तीन साधनांमागे मालकीचे तीन वेगवेगळे संबंध उभे आहेत. त्यांचा उलगडा केल्यास सार्वजनिक संपत्तीचे खाजगी खंडात रूपांतर कसे होते, याचा एक स्वच्छ नमुना हाती येतो. आणि त्या नमुन्याचा भारताशी असलेला संबंधही दूरचा नाही.

लहरी जनतेच्या, परवाना मुदतीचा

प्रथम अँटेनाचा विचार करावा. भांडवलशाहीची पंढरी म्हणून ज्या देशाकडे बोट दाखविले जाते, त्या देशाने १९२७ च्या रेडिओ कायद्यात आणि पुढे १९३४ च्या दळणवळण कायद्यात एक तत्त्व मान्य केले. प्रक्षेपणाच्या लहरींवर कोणाही खाजगी व्यक्तीची मालकी असणार नाही. लहर वापरण्याचा परवाना ठराविक मुदतीपुरता मिळेल आणि तो सार्वजनिक हित, सोय आणि गरज यांच्या कसोटीवर मिळेल. १९६९ साली ‘रेड लायन’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वाच्या आधारे असा निर्णय दिला की, प्रक्षेपकाच्या हक्कापेक्षा श्रोत्यांचा व प्रेक्षकांचा हक्क श्रेष्ठ होय.

या तत्त्वाचे व्यावहारिक फळ म्हणजे छपरावरची अँटेना. मनोऱ्यावरून सोडलेले चित्र सर्वांसाठी असते. ते घेण्याकरिता कोणाकडे नाव नोंदवावे लागत नाही, की कोणाला आपला पत्ता कळवावा लागत नाही. १२ जून २००९ रोजी अमेरिकेतील पूर्ण क्षमतेच्या केंद्रांनी जुने ॲनालॉग प्रक्षेपण बंद करून डिजिटल प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा जुने संच निकामी होऊ नयेत म्हणून सरकारने प्रत्येक कुटुंबाला चाळीस डॉलरची दोन कुपने देऊ केली. त्यांतून जुन्या संचाला जोडावयाची पेटी घेता येत असे. आज एकाच सहा मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून एक केंद्र मुख्य वाहिनीबरोबर आणखी काही उपवाहिन्या पाठवू शकते. अँटेना लावणाऱ्याला घराची उंची, मनोऱ्याचे अंतर, मधला डोंगर यांचा हिशेब करावा लागतो; वीज पडण्याच्या धोक्यासाठी तार जमिनीत पुरावी लागते. डिजिटल चित्राचा एक स्वभाव असा की, ते जुन्या चित्राप्रमाणे हळूहळू मुंग्या येऊन अंधूक होत नाही. संकेत पुरेसा असला तर लख्ख दिसते आणि जरा कमी पडला तर एकदम नाहीसे होते. एवढी खटपट एकदा केली की पुढे खर्च नाही.

अँटेना लावण्याच्या हक्कालाही तेथे कायद्याचे संरक्षण आहे. अनेक वसाहतींच्या रहिवासी संस्था दर्शनी भागाच्या शोभेचे कारण पुढे करून अँटेनाला बंदी घालीत असत. १९९६ साली संघराज्याच्या दळणवळण आयोगाने नियम करून अशा बंदीला मनाई केली. चित्र घेण्याचा नागरिकाचा हक्क वसाहतीच्या शोभेपेक्षा मोठा ठरला.

तबकडीची दोन रूपे

उपग्रहाचे तंत्र जन्मतःच धनिकांचे होते, असे मात्र समजू नये. १९७५ हे साल या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या १ ऑगस्टला अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेच्या उपग्रहाच्या साह्याने भारतात ‘साइट’ हा प्रयोग सुरू झाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक संच बसविण्यात आले, आणि वर्षभर शेती, आरोग्य व शिक्षण यांचे कार्यक्रम आकाशातून थेट गावच्या संचावर उतरले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर अमेरिकेत ‘एचबीओ’ या कंपनीने मनिलातील मुहंमद अली आणि जो फ्रेझर यांची मुष्टियुद्धाची लढत उपग्रहावरून केबल कंपन्यांपर्यंत पोहोचविली, ती पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी. दोन महिन्यांच्या अंतराने एकाच तंत्राला दोन सामाजिक वाटा फुटल्या. एकीकडे संच गावाचा होता, दुसरीकडे ग्राहक एकेकटा होता. तंत्रज्ञान आपल्याला कोठे नेणार, हे तंत्रज्ञान ठरवीत नाही, हे सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही.

केबलचीही सुरुवात अशीच साधी होती. १९४८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया आणि ऑरेगनसारख्या राज्यांतील डोंगराआडच्या गावांत मनोऱ्याचे चित्र पोहोचत नसे. तेव्हा टेकडीवर एक उंच अँटेना उभारून तेथून घरोघर तार नेण्यात आली. तिचे नावच ‘सामुदायिक अँटेना’ असे होते. पुढे याच तारेवर खास वाहिन्या आल्या, कंपन्या मोठ्या झाल्या, आणि सामुदायिक सोयीचा जागोजाग मक्ता झाला.

ग्रामीण भागातील काही लोकांनी १९८० च्या सुमारास मोठ्या तबकड्या बसवून उपग्रहावरून येणारे चित्र थेट घेण्यास सुरुवात केली. तेव्हा १९८६ च्या जानेवारीत एचबीओने आपले चित्र सांकेतिक, म्हणजे कुलूपबंद केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्लोरिडातील एका तंत्रज्ञाने उपग्रहावर जोरदार संकेत सोडून त्या वाहिनीच्या पडद्यावर काही मिनिटे दरवाढीच्या निषेधाचा मजकूर झळकविला. त्याला दंड झाला. कुलूप मात्र कायम राहिले, आणि १९९४ नंतर लहान तबकडीच्या सेवांनी त्या कुलपाचाच मोठा व्यापार केला.

या व्यापारातील सर्वांत चमत्कारिक भाग १९९२ च्या केबल कायद्याने निर्माण झाला. त्या कायद्याप्रमाणे स्थानिक केंद्रांना आपले चित्र पुढे नेण्याबद्दल केबल कंपन्यांकडून मोबदला मागण्याचा हक्क मिळाला. तबकडीच्या कंपन्यांनाही पुढे तोच न्याय लागू झाला. हा मोबदला वर्षाला अब्जावधी डॉलरच्या घरात गेला आणि कंपन्यांनी तो ग्राहकाच्या बिलात घातला. म्हणजे जे चित्र त्याच घराच्या छपरावरून फुकट वाहत होते, तेच तबकडीतून घेणारा ग्राहक त्याचे पैसे भरीत होता. दोन कंपन्यांत दराबद्दल तंटा झाला की ऐन सामन्याच्या दिवशी वाहिनी बंद पडे. छपरावरच्या अँटेनाचा पुनर्जन्म झाला तो या अन्यायाच्या जाणिवेतून. आपण आपल्याच विहिरीचे पाणी विकत घेत आहोत, हे ग्राहकाला उमगले.

अर्थशास्त्र काय म्हणते

या प्रश्नाकडे अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ साली सार्वजनिक वस्तूचा सिद्धांत मांडला. एकाने भाकरी खाल्ली की ती दुसऱ्याला उरत नाही. परंतु एकाने प्रक्षेपण पाहिले म्हणून शेजाऱ्याचे चित्र कमी होत नाही. प्रक्षेपणाच्या क्षेत्रात आणखी एका प्रेक्षकाची भर पडली, तर समाजाला पडणारा वाढीव खर्च शून्य असतो. पुढे १९५८ साली सॅम्युएल्सन यांनी याच संदर्भात दूरचित्रवाणीचे उदाहरण घेतले. चित्र सांकेतिक करून पैसे न देणाऱ्याला वगळणे तांत्रिक दृष्ट्या शक्य झाले, एवढ्याने ती खाजगी वस्तू ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्या वस्तूचा वाढीव खर्च शून्य, तिच्यापासून माणसाला दाम लावून दूर ठेवले तर त्यात समाजाची निव्वळ हानी आहे.

याच्या उलट बाजूने १९५९ साली रोनाल्ड कोझ यांनी मांडणी केली. लहरी दुर्मिळ आहेत म्हणून त्या सरकारने वाटाव्यात हा विचार त्यांना मान्य नव्हता. जमीनही दुर्मिळ असते, तरी तिचे खरेदी-विक्रीचे हक्क असतात. तसेच लहरींचे हक्क लिलावाने द्यावेत, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या जगाने कोझ यांचे ऐकले. अमेरिकेत लहरींचे लिलाव सुरू झाले. डिजिटल प्रक्षेपणामुळे मोकळ्या झालेल्या सातशे मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला २००८ साली सुमारे १९ अब्ज डॉलर मिळाले. २०१७ साली संपलेल्या सहाशे मेगाहर्ट्झच्या लिलावात त्याहून थोडी जास्त, जवळजवळ २० अब्ज डॉलरची रक्कम आली. आणि तिच्यातील १० अब्जांहून अधिक डॉलर, आपल्या लहरी सोडून देण्याबद्दल, दूरचित्रवाणी केंद्रांच्या चालकांना देण्यात आले. ज्या लहरी जनतेच्या म्हणून कायद्याने घोषित केल्या होत्या आणि मूळ परवानाधारकांना बहुतांशी विनामूल्य मिळाल्या होत्या, त्याच परत घेताना जनतेच्या सरकारने परवानाधारकाला दाम मोजले. कुळाला मुदतीने दिलेली गायरान जमीन त्यानेच सरकारला विकावी, तसा हा प्रकार झाला.

येथे एक प्रामाणिक खुलासा आवश्यक आहे. अँटेनावरचे चित्र फुकट असते, हे म्हणणे पूर्ण खरे नाही. त्याचा खर्च जाहिरातदार देतो आणि जाहिरातदार तो साबणाच्या, औषधाच्या आणि मोटारीच्या किमतीत वसूल करतो. ज्याच्या घरी संच नाही तोही साबण घेताना तो खर्च सोसतो. शिवाय जाहिरातीवर जगणारी वाहिनी प्रेक्षकाला ग्राहक म्हणून पाहते, नागरिक म्हणून नव्हे. म्हणूनच १९६७ च्या कायद्याने तेथे सार्वजनिक प्रक्षेपणाला सरकारी साह्य देण्याची व्यवस्था करण्यात आली होती. तेव्हा अँटेना म्हणजे समाजवाद नव्हे. परंतु पैशाच्या अभावी कोणी दाराबाहेर राहणार नाही, एवढी एक हमी तिच्यात आहे, आणि ती हमी क्षुल्लक नाही.

नवा सावकार

आता तिसऱ्या साधनाकडे, स्ट्रीमिंगकडे वळावे. नेटफ्लिक्सने २००७ साली इंटरनेटवरून चित्रपट दाखविण्यास आरंभ केला, तेव्हा तबकडीच्या जाचातून सुटका करणारा मित्र म्हणून लोकांनी तिचे स्वागत केले. हे स्वागत अकारण नव्हते. तबकडीच्या कंपन्या दोन-दोन वर्षांचे करार करून घेत आणि ग्राहक मध्येच निघाला तर त्याच्याकडून दंड वसूल करीत. स्ट्रीमिंगमध्ये कोणत्याही महिन्यात सेवा बंद करता येते. शंभर नको असलेल्या वाहिन्यांचे गाठोडे गळ्यात पडत नाही. लहान भाषांतील, दूरदेशींचे चित्रपट घरी पाहावयास मिळतात. या सोयी नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु बाजारात जम बसेपर्यंत स्वस्त आणि जम बसल्यावर महाग, हा जुना न्याय येथेही चुकला नाही. नेटफ्लिक्सची स्ट्रीमिंगची योजना २०११ साली दरमहा ७.९९ डॉलरला मिळत होती. तिची जाहिरातविरहित प्रमाण योजना २०२५ च्या जानेवारीत १७.९९ डॉलरवर गेली. तबकडीला पर्याय म्हणून २०१७ साली ३५ डॉलरला सुरू झालेली ‘यूट्यूब टीव्ही’ ही सेवा २०२५ च्या आरंभी ८२.९९ डॉलरला पोहोचली. जाहिराती नकोत म्हणून लोक ज्या सेवांकडे गेले, त्यांपैकी नेटफ्लिक्सने २०२२ साली आणि ॲमेझॉनने २०२४ साली जाहिराती आणल्या. एकाच कुटुंबातील दूर राहणाऱ्या मुलांना पालकांच्या खात्यावर पाहण्याची मुभा होती, ती २०२३ साली काढून घेण्यात आली. २०२५ च्या मे महिन्यात, नील्सन या संस्थेच्या मोजणीप्रमाणे, अमेरिकेतील दूरचित्रवाणी पाहण्याच्या एकूण वेळेपैकी ४४.८ टक्के वेळ स्ट्रीमिंगचा होता. मनोऱ्यावरचे प्रक्षेपण आणि केबल मिळून ४४.२ टक्के. सावकार बदलला, खाते तेच राहिले.

या बदलाची झळ पडद्यामागच्या कष्टकऱ्यांनाही लागली, ही गोष्ट समाजवादी कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. १९६० साली हॉलिवूडच्या लेखकांनी आणि नटांनी संप करून, चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविला गेला तर त्यातील मोबदल्याचा हक्क मिळविला होता. जुन्या प्रक्षेपणात मालिका पुन्हा दाखविली की लेखकाला, नटाला पुन्हा काही रक्कम मिळे. दोन कामांमधल्या रिकाम्या महिन्यांत त्यांची चूल त्यावर पेटत असे. स्ट्रीमिंगमध्ये मालिका कायमच पडून असते, कितीदा पाहिली गेली हे कंपनीलाच ठाऊक, आणि मोबदला मात्र आटतो. २०२३ साली लेखकांनी १४८ दिवस आणि नटांनी ११८ दिवस संप केला, त्यामागे हे एक मोठे कारण होते. त्यांना काही प्रमाणात यश आले. कामगार संघटना जिवंत असल्यामुळेच ते आले.

आणखी एक भेद आहे. अँटेनाला इंटरनेट लागत नाही. स्ट्रीमिंगला ते लागते, आणि त्याचे बिल वेगळे. अमेरिकेतील गरीब कुटुंबांना इंटरनेटसाठी दरमहा तीस डॉलरपर्यंत साह्य देणारी सरकारी योजना निधीअभावी २०२४ च्या जूनमध्ये बंद पडली. तिचा लाभ सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबे घेत होती. अशा कुटुंबांना अँटेना हा छंद नसतो.

छपरावरची लढाई

म्हणून अँटेनावर चहूकडून जो दबाव येत आहे, तो समजून घेतला पाहिजे. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये ‘एरिओ’ नावाच्या कंपनीने प्रत्येक ग्राहकासाठी नाण्याएवढी एक अँटेना स्वतःच्या जागेत ठेवून तिचे चित्र इंटरनेटने त्याच्याकडे पाठविण्याची युक्ती काढली. मोठ्या प्रक्षेपक कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही सेवा कॉपीराइटचा भंग ठरविली. पुढे ‘लोकास्ट’ या ना-नफा संस्थेने असाच प्रयत्न केला. तोही २०२१ साली न्यायालयात अडला. दोन्ही प्रकरणांत निष्पन्न एकच: फुकट चित्र तुम्ही स्वतःच्या छपरावर घ्याल तर नागरिक, शेजारी मिळून दुसऱ्याच्या छपरावर घ्याल तर गुन्हेगार.

प्रक्षेपणाची नवी डिजिटल पद्धत आता येत आहे. तिच्यात चित्र कुलूपबंद करण्याची सोय आहे आणि २०२३ पासून अनेक केंद्रांनी ती वापरण्यास सुरुवात केली आहे. म्हणजे जे कुलूप १९८६ साली उपग्रहावर बसले, ते आता जनतेच्या मालकीच्या लहरींवर बसत आहे. दुसरीकडे खेळांचे सामने मनोऱ्यावरून हळूहळू इंटरनेटवर जात आहेत. गुरुवारचे फुटबॉल सामने २०२२ पासून ॲमेझॉनकडे आहेत, फक्त त्या दोन संघांच्या गावांत ते अजून अँटेनावर दिसतात. तिसरीकडे, २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकन काँग्रेसने सार्वजनिक प्रक्षेपणाला मंजूर केलेले १.१ अब्ज डॉलर परत घेतले आणि १९६७ च्या कायद्याने उभे राहिलेले महामंडळ गुंडाळण्याची वेळ आली. छपरावर अँटेना उभी आहे. तिला दाखविण्याजोगे काय उरते, हा प्रश्न आहे. एकेका गृहस्थाची काटकसर या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही.

भारतातले उलटे चित्र

अमेरिकेत लोक तबकडी उतरवून अँटेना चढवीत असताना भारतात नेमके उलटे घडले. एके काळी मुंबईतील वरळीच्या आणि पुण्याजवळच्या सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे तोंड केलेल्या अँटेना चाळींच्या कौलांवर आणि वाड्यांच्या गच्च्यांवर दाटीने उभ्या असत. देशभर दूरदर्शनचे सुमारे १४०० प्रक्षेपक होते. २०२२ च्या मार्चअखेर, सरहद्दीकडील आणि इतर मोक्याच्या ठिकाणचे सुमारे पन्नास वगळता, जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद करण्याचे प्रसारभारतीने ठरविले. २०१६ साली सोळा शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले खरे. पण ते घेण्याजोगे संच आणि पेट्या सामान्य माणसापर्यंत पोहोचविण्याची कोणतीही मोहीम झाली नाही. अमेरिकेने कुपने वाटली. भारतात अँटेना भंगारात गेल्या.

मात्र येथे तबकडीनेच अँटेनाचे काम उचलले आहे, हेही नमूद केले पाहिजे. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनने विनाशुल्क उपग्रह सेवा सुरू केली. आज ‘डीडी फ्री डिश’ या नावाने ती चार कोटींहून अधिक घरांत असल्याचा अंदाज आहे. एकदा तबकडी आणि पेटी घेतली की मासिक आकार नाही. खाजगी सेवांचे गणित २०१९ साली असे ठरले होते की, पहिल्या शंभर वाहिन्यांच्या नुसत्या वहनासाठी १३० रुपयांपर्यंत आकार अधिक कर, आणि सशुल्क वाहिन्यांचे दाम त्याशिवाय. ‘साइट’च्या सामुदायिक संचाचा वारसा कोठे शिल्लक असेल तर तो या विनाशुल्क तबकडीत आहे. परंतु तिच्यावरील जागाही खाजगी वाहिन्यांना लिलावाने दिल्या जातात. ज्याची थैली मोठी त्याची बातमी गरिबाच्या घरात, असे तेथेही घडते.

आकाशाच्या मालकीचा प्रश्न भारतात निकालात निघालेला आहे, याचे स्मरण किती जणांना आहे? ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात, महाराष्ट्रातील पुरोगामी चळवळींना चांगलेच परिचित असलेले न्या. पी. बी. सावंत आणि त्यांचे सहकारी न्यायमूर्ती यांनी निर्णय दिला की, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही आणि खाजगी धनिकांचीही नाही. तिचे नियमन स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरणाने करावे. प्रसारभारतीचा १९९० चा कायदा १९९७ साली अमलात आला. पण सर्व प्रसारणाच्या नियमनासाठी न्यायालयाने सुचविलेले स्वतंत्र प्राधिकरण उभे राहिले नाही.

‘सार्वजनिक’ म्हणजे ‘सरकारी’ नव्हे, हा भेद समाजवाद्यांना कोणी शिकविण्याची गरज नाही. ‘साइट’चा प्रयोग सुरू झाला तेव्हा देशात आणीबाणी होती आणि आकाशवाणी-दूरदर्शन सत्तेची तुतारी फुंकीत होते. त्या अनुभवातूनच जनता राजवटीत नेमलेल्या वर्गीज समितीने १९७८ साली ‘आकाश भारती’ या स्वायत्त विश्वस्त संस्थेची शिफारस केली. ती शिफारस तशी कधीच अमलात आली नाही. दूरदर्शन सत्तेच्या दाराशी बांधलेले राहिले, म्हणून लोकांचा त्यावरील विश्वास उडाला. आणि विश्वास उडाला म्हणून प्रक्षेपक बंद झाले तेव्हा कोणी हळहळले नाही. सार्वजनिक संस्था आधी निस्तेज करावी आणि मग ती निरुपयोगी म्हणून मोडावी, ही रीत एसटीपासून शाळांपर्यंत सर्वत्र ओळखीची आहे.

दरम्यान स्ट्रीमिंगच्या क्षेत्रात जे घडले ते अमेरिकेपेक्षाही वेगाने घडले. २०२३ साली आयपीएलचे सामने मोबाइलवर विनामूल्य दाखविण्यात आले. २०२४ च्या नोव्हेंबरात रिलायन्स आणि डिस्ने यांच्या भारतातील माध्यम-व्यवसायांचे एकत्रीकरण झाले, आणि २०२५ पासून तेच सामने पाहण्यास वर्गणी लागू लागली. देशातील सर्वांत मोठ्या दूरसंचार कंपनीचा आणि सर्वांत मोठ्या करमणूक कंपनीचा मालक-समूह एकच आहे. विहीरही त्याची आणि रहाटही त्याचा.

मागण्या कोणत्या

मग कार्यकर्त्यांनी करावे काय? तबकडी ठेवावी की अँटेना, याचा उपदेश पक्षाने कोणाला करू नये. सार्वजनिक धोरण म्हणून मात्र काही मागण्या स्पष्ट आहेत.

पहिली मागणी ही की, जनतेच्या लहरींवरून जाणारे चित्र कुलूपबंद असता कामा नये. विनाशुल्क ग्रहणाचा हक्क कायद्याने मान्य व्हावा. दुसरी, लहरींच्या लिलावातून येणाऱ्या पैशाचा एक निश्चित वाटा, सरकारच्या मर्जीवर न सोडता, सार्वजनिक प्रसारणासाठी आणि प्रादेशिक भाषांतील कार्यक्रमांसाठी राखून ठेवावा. तिसरी, १९९५ च्या निर्णयातील स्वायत्त प्राधिकरण प्रत्यक्षात आणावे. चौथी मागणी खेळांविषयी. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र प्रसारभारतीला देण्याची सक्ती २००७ च्या कायद्याने केली; परंतु २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ते दूरदर्शनच्या मनोऱ्यांवरून आणि विनाशुल्क तबकडीवरून दाखविता येईल, खाजगी केबलवरून नाही. मनोरे बंद झाल्यावर या हक्काचा अर्धा आधारच गेला. इंटरनेटवरील विनाशुल्क सार्वजनिक सेवेलाही तो लागू व्हावा. पाचवी, स्ट्रीमिंगच्या उत्पन्नात लेखक, नट व तंत्रज्ञ यांना पुनर्दर्शनाचा वाटा मिळावा, आणि त्याकरिता त्यांच्या संघटनांना पाठिंबा द्यावा.

हा विचार उद्याच्या दृष्टीनेही निकडीचा आहे. इंटरनेटशिवाय थेट मोबाइल फोनवर दूरचित्रवाणी पोहोचविण्याच्या तंत्राच्या चाचण्या भारतात झाल्या आहेत. त्या तंत्रात मोबाइल हाच छपरावरची अँटेना होईल. खेड्यातल्या मजुराच्या खिशात, डेटाचा एक पैसा खर्च न होता, बातमी आणि हवामानाचा इशारा येईल. पण त्या लहरी कोणाच्या हाती असतील, त्यांवर कुलूप असेल की नाही, त्यांवरील बातमी कोण ठरवील, हे प्रश्न तंत्रज्ञ सोडविणार नाहीत. १९७५ साली एकाच तंत्राला दोन वाटा फुटल्या होत्या. पुन्हा तसाच फाटा समोर आहे. नियम ठरण्यापूर्वी जे बोलतात त्यांचेच नियमांत काही उतरते. म्हणून पक्षाच्या शाखांनी, ग्राहक संघटनांनी आणि कामगार संघटनांनी या मागण्या आजच ठरावरूपाने मांडल्या पाहिजेत.